आचाऱ्यांच्या जिलब्या

मी पक्की कॉन्व्हेंटची. मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी घाम फुटतो! तरीही लिहितेय, कारण दिवाळीच्या सुट्टीत एका फाईलने माझी चांगलीच जिरवली.

आजोबांनी २००३ साली आपल्या आठवणी डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतल्या होत्या. आज आजोबा नाहीत, मूळ वहीही हरवली. उरली ती सीडी. आजीला वाचून दाखवायला फाईल उघडली, तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा नुसता काला! फाईल बिघडली होती का? छे! तिच्यात मराठी कधी नव्हतंच. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार चढवायचे. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. युनिकोडमध्ये मात्र आपल्या अक्षरांना त्यांचे स्वतःचे क्रमांक आहेत.

डीटीपीवाल्याकडून जुना फॉन्ट मिळाला. तो टाकून माझ्या कॉम्प्युटरवर वाचता आलं असतं, पण आजीच्या मोबाईलवर पुन्हा तोच काला. म्हटलं, युनिकोडच करू. फाइंड-रिप्लेस तर करायचंय! पण 'दिवस'मधली वेलांटी जुन्या फाईलमध्ये 'द'च्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. 'वर्ग'मधला रफार तिथे 'ग'च्या नंतर, इथे आधी. चार रात्री जागून प्रोग्राम लिहिला आणि ऐटीत आजीला वाचायला दिला.

आजी वाचता वाचता हसत सुटली. "अगं, लग्नात आचार्यांनी कधीपासून जिलब्या तळायला घेतल्या?"

'आचाऱ्यांनी'चे 'आचार्यांनी' माझ्या प्रोग्रामने केले होते! तो आडवा, पापणीसारखा र मी साधा रफार समजले होते. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा वेगळा 'ऱ' लागतो. कॉन्व्हेंटमध्ये हे कोण शिकवणार?

मित्र म्हणतात, "एवढं कशाला? एआयला दे, करून टाकेल." टाकेलही. पण स्वयंपाक्याचा गुरुजी झाला, हे कळणार कुणाला? ते आजीलाच कळलं. तिला युनिकोड येत नाही, मला मराठी धड येत नाही. दोघी शेजारी बसलो तेव्हा कुठे आजोबा परत वाचता आले.

आपल्यापैकी किती जणांच्या घरी अशी एखादी सीडी धूळ खात असेल! 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणून ती बाजूला टाकू नका. प्रोग्राम काय, पुढच्या वर्षीही लिहिता येईल. चूक पकडणारी आजी तेव्हा असेलच असं नाही. म्हणून या सुट्टीतच बसा.