वाळलेल्या फुलाची साक्ष

तामणाचें झाड आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ऐन उन्हाळ्यांत तें जांभळ्या फुलांनीं भरून जातें. महाराष्ट्रानें त्याच्या फुलास राज्यपुष्पाचा मान दिला आहे. तथापि आज आम्हांस त्याच्या शोभेविषयीं लिहावयाचें नाहीं. तें फूल वाळवून कागदावर बसविल्यावर त्याजजवळ जी लहानशी चिठ्ठी लावितात, तिजविषयीं दोन शब्द लिहावयाचे आहेत. त्या चिठ्ठीचें मोल फुलाहून कमी नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कित्येकांस हें विधान विचित्र वाटेल. म्हणून वनस्पतिसंग्रहालयांत काय करितात तें प्रथम पाहूं. फुलाफळांसह डहाळी तोडून ती कागदांमध्यें दाबून वाळवितात, आणि सुमारें ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर पक्की बसवितात. कोपऱ्यांत चिठ्ठी असते. तिजवर झाडाचें नांव, तें जेथें मिळालें तें ठिकाण, तारीख, गोळा करणाराचें नांव व त्याचा क्रमांक इतकें लिहिलेलें असतें. नीट जपल्यास असे कागद शेंकडों वर्षें टिकतात. लंडनजवळ क्यू येथें असे सुमारें ७० लक्ष नमुने आहेत. मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर एथलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनीं १९०६ सालीं असाच संग्रह आरंभिला. तो आज त्यांच्याच नांवानें ओळखिला जातो.

आतां तामणाच्या गोतावळ्याकडे वळूं. ज्या प्रजातींत हें झाड मोडतें तिला लॅगरस्ट्रोमिया म्हणतात. पूर्वेकडील वनस्पती आपणांस मिळवून देणाऱ्या मॅग्नस फॉन लागरस्ट्रोम या स्नेह्याच्या गौरवार्थ स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५९ सालीं हें नांव ठेविलें. आपल्या रानांत याच प्रजातीचीं पांढऱ्या फुलांचीं आणखी दोन झाडें आढळतात. बोंडारा हें नांव लोक त्या दोहोंसही लावितात. त्यांपैकीं एकास नाणा असेंही म्हणतात. केवळ बोलीवर विसंबून कोणतें झाड कोणतें हें ठरत नाहीं. तेथें कागदावरील नमुनाच कामीं येतो.

परंतु नमुना सर्व कांहीं सांगत नाहीं. नाण्याची साल फिकट व गुळगुळीत असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात; ती साल कागदावर येत नाहीं. तामणाचा जांभळा रंग वाळल्यावर उडतो. फुलाचा वास राहत नाहीं, झाडाची उंची दिसत नाहीं. हें सारें झाडाखालीं उभें राहून लिहिलें तरच उरतें. शिवाय तामण रानांत ओढ्याकांठीं आपोआप वाढतें, आणि शहरांत रस्त्याच्या कडेस तें मुद्दाम लावितात. ‘लावलेलें’ हा एक शब्द चिठ्ठींत राहिला, तर पुढचा अभ्यासक त्या जागीं पूर्वीं रान होतें असें समजून बसेल.

तारखेची गोष्ट तर याहूनही मोठी आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं आर्नल्ड नांवाचें वृक्षोद्यान आहे. तेथील २२९ झाडांच्या ३७२ जुन्या नमुन्यांवरील तारखा संशोधकांनीं त्याच झाडांच्या नव्या बहराशीं ताडून पाहिल्या. १९०० ते १९२० या काळापेक्षां १९८० ते २००२ या काळांत बहर सरासरी ८ दिवस लवकर येऊं लागला होता, असें त्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. हवा तापत चालल्याची ही साक्ष वाळलेल्या फुलांनीं दिली. ज्यांनीं त्या तारखा लिहिल्या, त्यांस या उपयोगाची कल्पनाही नव्हती. त्यांनीं फक्त खरें लिहिलें.

आणि आपण काय करितों? आम्ही शाळेंत असतांना वनस्पतींची वही गुणांसाठीं करीत होतों. मे महिन्यांत वेंचलेल्या तामणाच्या फुलाखालीं आम्हीं वही दाखल करण्याच्या दिवसाची, म्हणजे नोव्हेंबरची तारीख घातली. ठिकाण शेजाऱ्याच्या वहींतून उतरलें. गुण पूर्ण मिळाले. आज कित्येक ठिकाणीं तयार वह्या विकतही मिळतात. आमच्या मतें हा केवळ आळस नव्हे. ही खोटी साक्ष आहे, आणि शास्त्र शिकविण्याच्या नांवाखालीं ती शिकविली जाते, हें विशेष दुःखाचें आहे.

कोणी म्हणेल, आतां खिशांतील यंत्रानें छायाचित्र निघतें, त्यांत दिवस व जागा आपोआप नोंदली जाते. मग हा खटाटोप कशाला? छायाचित्र उपयोगी आहे खरें, तें अवश्य घ्यावें. पण त्यांतील फूल उकलून भिंगाखालीं त्याचे केसर मोजतां येत नाहींत. शिवाय संग्रहांतील चिठ्ठ्या आतां संगणकावर चढत आहेत. त्यामुळें खरी नोंद जशी जगभर पोहोंचते, तशीच खोटीही पोहोंचते.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं, शाळांनीं पन्नास नमुन्यांचा आग्रह सोडावा. प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षांत एकच नमुना आणावा, पण त्याची चिठ्ठी झाडाखालींच लिहावी, आणि जें पाहिलें नाहीं तें तिजवर लिहूं नये. अभयारण्यांतून अथवा दुर्मिळ झाडाची डहाळी तोडूं नये. वाटेवरचें तामण पुरेसें आहे. गुण द्यावयाचे ते चिठ्ठीस द्यावे. शंभर वर्षांनीं कोणी तो कागद उघडील, तेव्हां आपलें नांव त्यास ठाऊक नसेल. तरीही आपल्या शब्दावर तो विश्वास ठेवील. त्या विश्वासास पात्र होणें, हेंच शाळेंतील शास्त्राचें पहिलें फळ होय.