लांबचा रस्ता, कमी वेळ

मुलीच्या बाळंतपणासाठी आईवडील पहिल्यांदाच सॅन फ्रान्सिस्कोला निघाले की घरात नकाशा उघडला जातो. किती किलोमीटर, म्हणजे किती तास, असा हिशेब सुरू होतो. रेल्वेची सवय असलेल्यांना वाटते, अंतराला वेगाने भागले की झाले. विमानाच्या बाबतीत मात्र हे गणित फसते.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानसेवा सुरू केली. तेव्हा विमान अटलांटिक महासागरावरून जाई. सुमारे १३,९०० किलोमीटर अंतराला सोळा तासांहून अधिक वेळ लागे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मार्ग बदलला. विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून गेले. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले, पण प्रवास साडेचौदा तासांत आटोपला!

ही किमया वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा वेग साधारण ताशी ९०० किलोमीटर असतो. वारा पाठीशी असला की त्यात भर पडते, समोरून आला की घट होते. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या होडीला वल्ही कमी मारावी लागतात, तसेच हे. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेले एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आतच लंडनला पोहोचले होते. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. म्हणूनच जाण्याचा आणि येण्याचा वेळ सहसा सारखा नसतो.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को भारतापेक्षा साडेबारा तास मागे असते. दिल्लीहून रविवारी पहाटे चारला निघून साडेचौदा तासांनी उतरलेल्या प्रवाशाला तिथे रविवारचेच सकाळचे सहा वाजलेले दिसतात. तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर प्रवास अवघा दोन तासांचा वाटतो!

इथे गंमत संपते आणि काळजी सुरू होते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घेणारे वडील तिथली सकाळ पाहून दुसरी गोळी घेतील, तर चोवीस तासांचे अंतर राहणारच नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर अशी चूक फारच महागात पडू शकते. तेव्हा प्रवासाचे खरे तास डॉक्टरांना सांगून औषधांच्या वेळा आधीच कागदावर लिहून घ्याव्यात. औषधे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. इतका वेळ एका जागी बसल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून अधूनमधून उठून चार पावले चालावे.

आणि एक घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्यावे. नातवंडाला पाहण्याच्या घाईत तेवढे एक घड्याळ तरी शरीराचा खरा हिशेब ठेवील.