श्रावणाआधी पाताळेश्वराकडे लक्ष द्या

पुणेकरहो, आणि पाठीवर सॅक टाकून एकट्यानं पुणं पाहायला येणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

श्रावण तोंडावर आला आहे. सोमवारी पाताळेश्वराला दर्शनाची गर्दी होईल, आणि त्या गर्दीत जे झिजेल ते पुन्हा घडवता येणार नाही. जंगली महाराज रस्त्यावरचं हे लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. 1732 साली उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्यापेक्षा जवळजवळ हजार वर्षांनी जुनं. तरी त्याच्या दारावरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांनी आत पाऊल टाकलेलं नाही.

हे मंदिर दगडावर दगड रचून बांधलेलं नाही. एकसंध कातळ वरून खाली खोदत नेला, म्हणून अंगण जमिनीच्या पातळीखाली आहे. समोरचा गोल छताचा नंदीमंडपही त्याच कातळातला. काम अर्धवटच राहिलं. सकाळच्या तिरप्या उजेडात आतल्या भिंतीजवळ उभं राहा, छिन्नीचे घाव दिसतील. कारागिराचा हात कुठे थांबला तेही दिसेल.

नेमक्या याच खुणा आपण पुसतो आहोत. खांबाला तेलाचा हात लागला की थर बसतो, त्यावर धूळ आणि उदबत्तीची काजळी चिकटते. मग कुणीतरी भक्तिभावानंच तो घासून काढतं आणि घाव बोथट होतात. हेतू चांगला असतो, नुकसान मात्र कायमचं. किल्लीनं नाव कोरणाऱ्यांबद्दल तेही म्हणता येत नाही. हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे; त्याची नासधूस केल्यास 1958 च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून कळकळीची विनंती आहे. हळद, कुंकू, तेल खांबांना आणि भिंतींना लावू नका. पूजा गाभाऱ्यात, पुजारी सांगतील तशी करा. खांबांच्या बुंध्याशी पणत्या ठेवू नका. फोटोसाठी नंदीमंडपाच्या कट्ट्यावर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका.

एकट्या प्रवाशांकडून माझी अपेक्षा थोडी जास्त आहे. गटाला वेळापत्रक असतं, तुम्हाला नाही. तेव्हा सोमवार टाळून, आठवड्यातल्या एखाद्या सकाळी लवकर या. बालगंधर्व रंगमंदिरापासून चालत येता येतं. घाई न करता बसा, पाहा. कुणी भिंत खरवडताना दिसलं तर नम्रपणे थांबवा, ऐकत नसेल तर पहारेकऱ्याला बोलवा. नवे ओरखडे दिसले तर फोटो काढून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला कळवा.

वेळ उरला तर सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीलाही जा. अठराव्या शतकातल्या त्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर साखळीनं बांधलेला गेंडा आणि गोरे शिपाई कोरले आहेत. शिल्प अगदी हाताच्या अंतरावर आहे. तिथेही हात लावू नका.

आणि पुणेकरांनो, श्रावणाची वाट पाहू नका. या रविवारीच घरच्या मुलांना पाताळेश्वराला न्या, ते छिन्नीचे घाव दाखवा, आणि त्यांना हात का लावायचा नाही ते तिथेच उभं राहून सांगा.