रीत कोणती, आजार कोणता?

लाखनीच्या एका वाचक भगिनींची मुलगी नर्सिंग शिकून ठाण्याला लागली आहे. एका बेने इस्रायली कुटुंबातल्या आजींची शुश्रूषा तिच्याकडे आली आहे. आजींवर मनाच्या आजाराचे उपचार चालू आहेत. ‘आमच्याकडे ज्यू माणूस कधी पाहिला नाही, पोरीनं तिथं वागावं कसं?’ असं त्या विचारतात.

ताई, काळजी करू नका. आजी मराठीच बोलणार. ही मंडळी शतकानुशतकं कोकणात राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पण भाषा एक म्हणून रीतही एक, असं धरून चालू नये.

दाराच्या चौकटीवरल्या डबीला हात लावून आजी बोटं ओठांना लावतील. ती मेझुझा, आत धर्मवचनं असतात. त्याला चाळा समजू नये. तुळशीला हात जोडणारीला आपण वेडी म्हणतो का? मटणानंतर दुधाचा चहा नको म्हणाल्या, तर ‘खातपीत नाहीत’ अशी नोंद करू नये. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की शब्बाथ, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. कडक पाळणारे विजेचं बटण दाबत नाहीत, म्हणजे उशाची घंटीही वाजवणार नाहीत! मुलीनं आपण होऊन फेरी मारावी.

आता अवघड भाग. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी येऊन गेले, ही या समाजाची श्रद्धा. त्यांच्या नावानं नवस बोलतात, मलिदा करतात. आजी हे सांगतील, तो भ्रम नव्हे. पण ‘ते रात्री येऊन गोळी घेऊ नको म्हणतात’ असं म्हणाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. घरच्यांनाही विचारावं, हे पूर्वीपासूनचं की हल्लीचं?

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात येणाऱ्या किप्पूरच्या उपासाची तारीख विचारून ठेवा. जवळजवळ २५ तास पाणीसुद्धा नाही! लिथियमच्या गोळ्या चालू असतील, तर पाणी कमी पडून रक्तातलं औषध विषारी पातळीला जाऊ शकतं. हात जोरात कापणं, उलट्या, तोल जाणं दिसलं की थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. आपल्या मनानं गोळी मात्र बंद करायची नाही. उपासाआधीच डॉक्टरांशी बोलावं. जिवाला धोका असेल तर उपास करू नये, असं ज्यू धर्मच सांगतो. पण ते नर्सपेक्षा त्यांच्या सिनेगॉगमधल्या जाणत्या माणसाच्या तोंडून आजींना पटेल. ठाण्यात त्यांचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे. घरच्यांकरवी तिथं निरोप धाडावा.