सही ज्याची, हजेरी त्याची

माझा आतेभाऊ टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या केटीला राहतो. त्याचा मुलगा अमेरिकेच्या भूसेनेत आहे. ठाणं एल पासोचं फोर्ट ब्लिस, पण त्याची तुकडी नऊ महिन्यांसाठी कुवेतला गेली आहे. तिथून त्याने वडिलांना फोन केला. परतल्यावर घरी स्वतःचं पिस्तूल असावं असं त्याला वाटतं. मॉडेल ठरलंय, दुकान ठरलंय, किंमत याच महिन्यात उतरली आहे. पैसे मी तुमच्या खात्यात टाकतो, तुम्ही जाऊन फॉर्म भरा आणि घेऊन ठेवा, असं त्याचं म्हणणं. आतेभावाने मला विचारलं, "बापाने मुलासाठी एक वस्तू आणायची, यात वावगं काय?"

वावगं आहे, असं मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं आणि तो दुखावला. त्यानंतरच्या तासाभरात त्याने जे आक्षेप घेतले, ते त्याच्या एकट्याचे नाहीत. अमेरिकेतल्या अनेक लष्करी कुटुंबांत ते तळमळीने बोलले जातात. त्यांत काही खरं दुखणंही आहे. म्हणून त्यांना उत्तरही तेवढंच सविस्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप सगळ्यांत भावनेचा. सरकार ज्याच्या हातात रायफल देऊन परमुलखात पाठवतं, त्यालाच स्वतःचं पिस्तूल घ्यायचं तर दुकानात जातीने उभं राहा म्हणतं. देशाचा त्याच्यावर विश्वास नाही का?

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. लष्करातल्या शस्त्राबद्दल मी जे ऐकत मोठा झालो, त्यात 'कोत' हा शब्द पहिला. शस्त्र कोतात, म्हणजे शस्त्रागारात, असतं. घेताना रजिस्टरवर नंबर आणि सही, परत करताना पुन्हा नंबर आणि सही. वीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदारालाही "मला ओळखता ना, मग सही कशाला?" असं म्हणता येत नाही, आणि दुसऱ्याची रायफल तिसऱ्याने सही करून न्यावी हे तर कोणी सुचवणारही नाही. अमेरिकी सेनेतही शस्त्रागाराची शिस्त हीच. त्यातही पुढची गोष्ट अशी, की मध्यपूर्वेत तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना खाजगी शस्त्र जवळ ठेवायला तिथल्या 'जनरल ऑर्डर नंबर एक'नुसार बंदी आहे. म्हणजे सेनेची रायफल खांद्यावर असतानाही सैनिकाला स्वतःचं पिस्तूल बाळगता येत नाही. तिथे कोणी याला अविश्वास म्हणत नाही. नेमून दिलेलं शस्त्र आणि स्वतःच्या मालकीचं शस्त्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सेनेला पक्कं माहीत आहे. माझ्या पुतण्यालाही ते माहीत आहे, फक्त केटीच्या दुकानापाशी येऊन तो ते विसरतो.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे आणि तो मला बराच वेळ छळत राहिला. तैनातीवर निघताना सैनिक वडिलांच्या किंवा बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून जातो. त्या कागदावर घर घेता येतं, गाडी विकता येते, कर भरता येतो. तो कुवेतमधून टपालाने मतदान करतो. परदेशातल्या सैनिकांच्या मतदानासाठी १९८६ पासून केंद्राचा खास कायदा आहे. मोंटाना राज्यात तर सेवेतल्या सैनिकाचं लग्न वधू-वर दोघंही गैरहजर असताना प्रतिनिधींमार्फत लागतं. लग्न चालतं, मत चालतं, तर पिस्तूल का नाही?

घर किंवा गाडी घेताना प्रश्न मालकीचा असतो. मालकी कागदावरून एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि मुखत्याराने ती हाताळली तरी तिचं काही बिघडत नाही. बंदुकीच्या दुकानात भरावा लागणारा फॉर्म ४४७३ मालकीबद्दल थोडंच विचारतो. तो माणसाबद्दल विचारतो. तुला शिक्षा झाली आहे का? तुझ्याविरुद्ध घरच्या माणसाला मारहाण केल्याचा निकाल आहे का? न्यायालयाचा मनाई हुकूम आहे का? लष्करातून तुला बदनामीसह काढलं आहे का? या उत्तरांखाली आतेभावाने सही करायची म्हणजे मुलाच्या जागी त्याने स्वतःच्या चारित्र्याची ग्वाही द्यायची. तपासणी होईल आतेभावाच्या नावाची आणि पिस्तूल जाईल मुलाच्या हातात. म्हणूनच या फॉर्मवर मुखत्यारपत्र चालत नाही.

दुकानात जातीने हजर राहण्याची ही अट कुठून आली, हेही पाहायला हवं. मार्च १९६३ मध्ये डॅलसमधल्या एका माणसाने मासिकातलं कूपन भरून शिकागोच्या दुकानाकडून दुर्बिणीसह एक इटालियन रायफल मागवली. टपालखर्चासह २१ डॉलर ४५ सेंट. नाव खोटं, पत्ता टपालपेटीचा. दुकानदाराने त्याला कधी पाहिलं नाही, पाहण्याची कायद्याने गरजही नव्हती. मागवणारा ली हार्वे ओस्वाल्ड हा मरीन दलातला माजी सैनिक. जपानमध्ये नेमणुकीवर राहिलेला. त्याच नोव्हेंबरात केनेडींचा खून झाला. तरीही टपालाने बंदुका विकण्यावर बंधन यायला पाच वर्षं लागली. मार्टिन लूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी गेल्यानंतर २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. परवानाधारक दुकानदार, आपल्या राज्यातला ग्राहक आणि समोरासमोरचा व्यवहार ही आजची चौकट त्यातून उभी राहिली. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने पार्श्वभूमी तपासणी आणली आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून ती संगणकावर तत्काळ होऊ लागली. वर्दी घातलेली किंवा कधीकाळी घातलेली असणं हे हमीपत्र होत नाही, हा धडा या चौकटीच्या पायातच आहे.

तोच धडा टेक्सासने पुन्हा गिरवला. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी सदरलँड स्प्रिंग्सच्या चर्चमध्ये एका माजी हवाई सैनिकाने गोळीबार केला. त्यात गर्भातल्या बाळासह सव्वीस जीव गेले. बायकोला आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला २०१२ मध्येच शिक्षा दिली होती. त्या निकालामुळे त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण हवाई दलाने ती नोंद तपासणी यंत्रणेकडे पाठवलीच नाही, आणि तो दुकानात उभा राहून, फॉर्म भरून, तपासणीत पास झाला. २०२१ मध्ये फेडरल न्यायालयाने त्या घटनेची साठ टक्के जबाबदारी सरकारवर टाकली.

इथे आतेभाऊ म्हणाला, "बघ, हजर राहूनही काय उपयोग झाला?" मला यातून उलटं दिसतं. दुकानाने त्याचं काम केलं होतं, चूक लष्कराच्या कचेरीत झाली. नोंद पोचली असती तर समोर उभ्या असलेल्या त्या माणसाला रोखण्याची जागा तेच दुकान होतं. २०१८ मध्ये काँग्रेसने नोंदी पाठवण्याची सक्ती अधिक कडक केली, ते याचसाठी. आणि १९९६ पासूनचा नियम असा, की घरगुती हिंसाचाराच्या छोट्या गुन्ह्यातही दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. सैनिकाला कामावर असतानाही त्यातून सूट नाही. चारित्र्य वर्दीवरून ओळखायचं नसतं, हे सरकारने स्वतःच्या सैनिकांबद्दलच लिहून ठेवलं आहे.

आता कायद्याचा खरा कस लागतो त्या मुद्द्याकडे येतो. आतेभावाचं शेवटचं अस्त्र असं होतं: "माझा मुलगा गुन्हेगार नाही. मी नाही. दोघंही उद्या पास होऊ. मग खोटं कशाचं?"

हाच प्रश्न २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 'अब्राम्स्की विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या खटल्यात आला होता. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. पोलिसांना मिळणारी सवलत मिळावी म्हणून. काकांनी चारशे डॉलरचा चेक पाठवला होता. फॉर्मवर 'प्रत्यक्ष खरेदीदार तूच का?' या प्रश्नाला त्याने होकार दिला. पुढे काकांकडे पिस्तूल परवानाधारक दुकानातूनच गेलं, काकांची तपासणीही झाली. तरीही पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने त्याला दोषी धरलं. न्यायमूर्ती केगन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. पैसे ज्याचे आणि वस्तू ज्याच्यासाठी, तोच खरा खरेदीदार, आणि त्याच्याबद्दलच खोटं सांगितलं गेलं, असा त्याचा गाभा. विरोधी मत न्यायमूर्ती स्कालिया यांचं होतं. दोघंही पात्र असताना कायदा हे कुठे मना करतो, असा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न हलका नाही आणि चार न्यायमूर्तींनी तो उगीच विचारला नसावा. पण दुकानदाराच्या जागी उभं राहून पाहा. त्याच्यासमोरचा माणूस ज्याच्यासाठी घेतो आहे तो पात्र आहे की नाही, हे त्याला कधीच कळणार नाही. पात्र काकांसाठी केलेली सही आणि अपात्र मित्रासाठी केलेली सही गल्ल्यापाशी अगदी सारखी दिसते. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिल्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. आतेभाऊ किमतीतल्या फरकासाठी हे ओढवून घेणार होता.

हा धोका फक्त तिकडचा आहे असं कोणी समजू नये. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात बाहेरच्या लोकांना वाटलेल्या शस्त्रपरवान्यांचं प्रकरण राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने २०१७ मध्ये उघडकीला आणलं. नंतर सीबीआयने तपास घेतला आणि अडीच लाखांहून अधिक परवाने संशयाखाली आले. त्यांतले कितीतरी तिथे नेमणुकीवर असल्याचं दाखवलेल्या जवानांच्या नावावर, खोट्या कागदांवर काढलेले होते. जवान तिथे नाही, अर्जदार कोण ते कोणी पाहिलेलं नाही, आणि परवाना मात्र तयार. जवानाच्या नावाला असलेली इज्जत दलालांनी कशी विकली, हे त्यावरून कळतं. माणूस समोर उभा करण्याची अट त्या इज्जतीचंही रक्षण करते.

मग सैनिकाने काय करायचं? त्याची वाट बंद नाही, आणि आतेभावाला हेच पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. तैनाती तात्पुरती असते. कायमस्वरूपी ठाणं ज्या राज्यात, त्या राज्याचा रहिवासी म्हणून कायदा सैनिकाला मानतो. ही सवलत साध्या नागरिकाला नाही. पुतण्याचं घरही टेक्सासचं, ठाणंही टेक्सासचं. कुवेतमधून तो आजच ऑनलाइन पैसे भरू शकतो; पिस्तूल दुकानात त्याच्या नावावर थांबेल. परतल्यावर ओळखपत्र घेऊन जायचं, फॉर्म स्वतः भरायचा, तपासणी झाली की ताबा. तपासणी तीसच दिवस चालते, त्यामुळे ती आधी उरकून ठेवण्यात अर्थ नाही. आणि बापाला खरंच स्वतःच्या पैशाने मुलाला भेट द्यायची असेल, तर केंद्रीय कायदा तेही अडवत नाही. तेव्हा खरेदीदार खरोखर बापच असतो. अडतो फक्त तो व्यवहार, ज्यात पैसे एकाचे आणि सही दुसऱ्याची.

कायद्यात भोकं आहेत, हे मी लपवत नाही. एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांनी आपसात बंदूक विकली, तर केंद्रीय कायदा तपासणी मागत नाही. हे भोक मोठं आहे आणि ते बुजवायला हवं. पण त्याकडे बोट दाखवून दुकानातली तपासणीही सैल करा म्हणणं मला मान्य नाही.

एक गोष्ट मी आतेभावाला फोनवर सांगू शकलो नाही, इथे लिहितो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि सैनिकांच्या आत्महत्यांत बंदुकीचा वाटा त्याहूनही मोठा. लष्करातल्या आत्महत्यांवर नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये सुचवलं, की लष्करी आवारातल्या दुकानांतून बंदूक घेताना सात दिवसांचा प्रतीक्षाकाल असावा आणि किमान वय पंचवीस करावं. संरक्षण खात्याने समितीच्या अनेक शिफारशी स्वीकारल्या, या मात्र नाहीत. मला त्या योग्य वाटतात. तैनातीहून परतलेल्या पोराचे पहिले काही आठवडे कसे जातात, हे आमच्या घरी मी पाहिलं आहे. वडील सुट्टीवर आले की रात्री दोनला अंगणात बसलेले असायचे आणि आई दाराआड उभी असायची. त्या दिवसांत कपाटात भरलेलं पिस्तूल आधीच येऊन पडलेलं नसणं याला मी अडचण मानत नाही. हवं असेल तर तो स्वतः चालत दुकानात जाईल, एका अनोळखी माणसासमोर उभा राहील, प्रश्न वाचेल. ते दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

आतेभाऊ अजून पूर्ण पटलेला नाही. पण दोन आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला. दुकानदाराने पिस्तूल मुलाच्या नावावर ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं आणि पैसे पोराने कुवेतहून भरले होते. "मग मी काय आणू?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला तिजोरी आणायला सांगितलं; तिला कुठलाच फॉर्म लागत नाही. ती आता केटीला मुलाच्या खोलीत आहे, रिकामी. तिच्या दोन किल्ल्यांपैकी एक आपल्याकडे ठेवायची की दोन्ही त्याला द्यायच्या, हे आतेभाऊ पोरगा आल्यावर त्यालाच विचारणार आहे.