थिबाचा डबा

दिवाळीत आमच्या घरी पाहुण्यांचा फराळ आटोपला आणि पानाची वेळ झाली, की काका काचेच्या कपाटातून तो डबा बाहेर काढीत. लाल लाखेचा, वाटोळा, आत एकावर एक दोन तबके. "हा थिबाराजाचा बरे का! आमच्या आजोबांनी लिलावात घेतला," असे ते म्हणत आणि पाहुणे तो डबा प्रसादासारखा दोन्ही हातांनी धरीत. काका थकले तसे ते वाक्य माझ्याकडे आले. मी ते वीस वर्षे म्हटले. शाळेत शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. वाक्य रंगवून सांगणे मला जड गेले नाही.

गेल्या दिवाळीत माझा एक विद्यार्थी फराळाला आला. त्याने डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सर, कशावरून?"

मला राग आला, हे कबूल करतो. पण वर्गात 'कशावरून?' विचारायला मीच तर शिकवले होते! पाहुणे गेल्यावर मी आजोबांची पेटी उपसली. लिलावाची पावती नाही, चिठ्ठी नाही, वहीत नोंद नाही. सापडले ते एवढेच, की आजोबांचे धाकटे बंधू कित्येक वर्षे रंगूनला नोकरीला होते. असे डबे ब्रह्मदेशात घरोघर असत. आमच्या घरातले 'राजवैभव' कुठून आले असावे, हे आता वाचकांनीच ताडावे.

काकांना सांगितले, तर ते म्हणाले, "गप्प बस. घराण्याची अब्रू आहे ती." वाचकहो, माझे भांडण या अब्रूशी आहे.

थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, त्याला पदच्युत केले आणि आधी मद्रासला, मग १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. १९१० साली तो खाडीकडे तोंड केलेल्या त्या नव्या वाड्यात राहायला गेला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. तीस वर्षे! पैसा पुरेना, तेव्हा बरोबर आणलेली रत्ने त्याने एकामागून एक विकली. घेणारे कोण होते? पुष्कळसे आपलेच सावकार आणि जवाहिरे. राजाची गरज ती त्यांची पर्वणी झाली.

त्याच्या वस्तूंचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. मंडालेचे राजचिन्हांचे अलंकार विलायतेला गेले आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात राहिले. १९६४ साली ते ब्रह्मदेशाला परत मिळाले. त्यांतले एक सोन्याचे, रत्नजडित हंसपात्र मात्र ब्रह्मदेशाने, इतकी वर्षे नीट सांभाळल्याबद्दल, त्याच संग्रहालयाला भेट म्हणून दिले. राजाचे सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात होते. १९४५ साली लढाईत मंडालेचा राजवाडा जळाला. हे सिंहासन कलकत्त्यात होते म्हणून वाचले आणि १९४८ साली स्वदेशी गेले.

इथे संग्राहक मंडळी टाळी वाजवतील. "पाहा, आम्ही उचलले म्हणूनच वाचले!" मान्य. पण ते परत का जाऊ शकले? संग्रहालयाच्या वहीत त्यांची नोंद होती. कुठून आले, केव्हा आले, कोणाचे, हे लिहिलेले होते. लुटीने आलेल्या मालाचीसुद्धा नोंद असेल, तर मागणाऱ्याला मागता येते. याउलट न्गा मौक नावाचे ते प्रसिद्ध माणिक घ्या. ते आपण कर्नल स्लेडनच्या हाती दिले आणि परत मिळालेच नाही, अशी तक्रार थिबाने केली. पावती नव्हती, माणिक आजतागायत सापडलेले नाही. आपल्या कपाटांतल्या 'थिबाच्या' वस्तू या दुसऱ्या जातीच्या आहेत. खऱ्या असतील, तर त्यांचा धनी कळायला मार्ग नाही. खोट्या असतील, तर आपण राजाच्या नावावर फुकटचा मान मिळवतो आहोत.

आणि यापेक्षाही लाजेची गोष्ट पुढेच आहे. राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परत गेली, पण थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीलाच परतली आणि १९४७ साली वारली. तिची मुलगी, म्हणजे थिबाची सख्खी नात, याच गावात वाढली, संसाराला लागली आणि गरिबीतच २००० साली गेली. त्या साली मी विशीच्या आसपास होतो. आमच्या कपाटात थिबाचा डबा होता, गावात थिबाची नात होती. डबा मी रोज पुसत होतो, तिच्या दारात एकदाही गेलो नाही. गावातली किती 'राजवैभवे' तिच्या घरी पानसुपारी घेऊन गेली असतील? डब्याला हात लावताना धुऊन लावा, असे सांगणारे आम्ही, तिला कोणी विचारले तर 'ती होय!' म्हणून पुढे चालू लागलो.

म्हणून म्हणतो, वस्तू गोळा करण्यात पाप नाही. वस्तू घ्यायची आणि माणूस विसरायचा, वस्तू मिरवायची आणि तिचा हिशेब द्यायचा नाही, हे पाप आहे. तुमच्या घरी अशी काही ठेव असेल, थिबाची असो की आणखी कोणाची, तर या सुटीत वडीलधाऱ्यांजवळ बसा. कोणी आणली, केव्हा, काय देऊन, हे विचारा आणि लिहून काढा. ठाऊक नसेल, तर 'ठाऊक नाही' असेच लिहा. पुरावा पक्का निघाला, तर ती वस्तू कपाटात कुलूपबंद ठेवू नका; संग्रहालयाच्या दारात घेऊन जा.

मी माझ्यापुरते केले आहे. डब्यात आता एक चिठ्ठी आहे: 'लाखेचा पानाचा डबा, ब्रह्मी घडणीचा. आजोबांचे बंधू रंगूनला होते. त्यांनी आणला असावा. थिबाराजाचा असल्याचा पुरावा नाही.' काका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण यंदा तो विद्यार्थी फराळाला येईल, तेव्हा डबा मी स्वतः त्याच्या हातात देणार आहे.