उरलेल्या तासांची शुश्रूषा

नवजात अतिदक्षता विभागात उपचार हरले, की बाळाचे उरलेले तास परिचारिकेच्या हाती येतात. भारतात २०२० साली दर हजार जिवंत जन्मांमागे २० बाळे पहिल्या २८ दिवसांतच दगावली. अशा बाळाच्या वेदना शमवणे, नळ्या-तारा सांभाळत त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवणे, दाराबाहेर ताटकळणाऱ्या बापालाही आत बोलावणे, हे बहुधा तीच करते. बाळ गेल्यावरही आईला पान्हा फुटतो. त्याची कल्पना आधी द्यावी लागते, आणि हे बोलणे सर्वांत अवघड. परिचारिकेला मात्र लगेच पुढच्या बाळाकडे वळायचे असते. रडायला आडोसाही नसतो. म्हणूनच हा अंक परिचारिकांच्या नजरेतून मांडला आहे. परिचारिकांनी आणि पालकांनी आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवावेत.